बाज

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



हस्तकलेवर बोला, असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा त्यांच्या मनात कशिदा असावा. मी मात्र बाजेवर बोलणार आहे. हसू नका! आपल्यापैकी कितीतरी जणींची पहिली झोप बाजेवरच झाली आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवीत आणि शेक विणीतून वर येई. गादीच्या पलंगाला हे साधायचे नाही.

आपल्या गोंदियाकडे रानात साग आहे, बिजा आहे. वाढई चार खूर नि चार दांड्या तासतो, खुरांना भोके पाडून दांड्यांची टोके त्यांत घट्ट बसवितो. खिळा एकही नाही. वीण ताणली की सांधे आणखीच आवळतात. म्हणजे सुताराचे काम विणणारा पुरे करतो. दोरी अंबाडीची. ताटे पाण्यात कुजवायची, वाख सोलून धुवायचा आणि मग पिळायचा. तलावांच्या आपल्या मुलखात पाण्याची वाण नव्हती. पायथ्याशी वीतभर जागा मोकळी सोडून तेथे ताणाची दोरी घालतात. बाज पुढे सैल पडणार हे करणाऱ्याने आधीच ओळखलेले असते! तेवढी दोरी ओढली की सारी वीण पुन्हा ताठ.

माझ्या आईची बाज मी विकली. घरात दिवाण आला, जागा अडू लागली. वीण तुटली होती, लाकूड खणखणीत होते. घेणाऱ्याने अंगणातच ती ठोकून सुटी केली, तेव्हा मला दिसले की एका खुराचे लाकूड निराळे आहे. कधीतरी कोणी वाढयाने तो बदलला होता. पण घाट इतका हुबेहूब की इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आला नाही. पहिल्याचा हात दुसऱ्याने मोडला नव्हता. तोवर पैसे माझ्या मुठीत आले होते.

पूर्वी वाढयाला खळ्यावरून धान मिळे, त्यात वर्षाची दुरुस्ती येई. आज दुकानातल्या किमतीला आपण मान डोलावतो आणि दारच्या वाढयाशी शंभर रुपयांवरून हुज्जत घालतो. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पण कामच दिले नाही तर योजना काय करील?

मंडळाच्या माळ्यावर दोन बाजा पडून आहेत. शनिवारी दुपारी त्या खाली काढू. खूर पाहायला वाढई येईल, त्याची मजुरी ठरली आहे, तीत घासाघीस नको. अंबाडीची दोरी मी आणते. ताण ओढायला मात्र दोघी-तिघी हव्यात.