चार ओळी आपल्या हाताच्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या बुधवारच्या इंग्रजी वर्गाविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी काही इंग्रजीची पंडिता नव्हे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी या वर्गात वही घेऊन बसले, त्याला आता दोन वर्षे झाली. जो फार पुढे निघून गेला त्याला वाटेतले खडे आठवत नाहीत. माझ्या पायांना ते अजून टोचतात, म्हणूनच मला बोलायला उभे केले असावे.

पहिला प्रश्न घरातूनच येतो : ‘आता या वयात इंग्रजी लिहायला शिकून काय करायचे?’ प्रश्न अगदीच खोटा नाही. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. राज्य सरकारच्या कचेरीत मराठी अर्ज चालतो. बँकेत मराठी सही चालते. शिवाय आता हातातल्या मोबाइलशी मराठीत बोलले तर तो इंग्रजी लिहून दाखवतो. तेव्हा इंग्रजीवाचून बाईचे अडते असे मी म्हणणार नाही. तथापि इंग्रजी कागद घरात यायचा थांबत नाही, आणि त्याला उत्तर कोणी तरी देतेच. प्रश्न एवढाच, की त्या उत्तरात शब्द कोणाचे असतात?

माझे यजमान गेल्यानंतर एका विमा कंपनीचे पत्र आले. एका परिचित गृहस्थांनी आपण होऊन उत्तर तयार करून आणले. मजकूर मोठा झोकदार होता. “वहिनी, इथे सही करा,” म्हणाले. तिसऱ्या ओळीचा अर्थ मी विचारला, तर म्हणाले, “तसे लिहायची पद्धत असते.” मी सही केली नाही. पुतणीला कागद दाखवला, तेव्हा कळले की आलेली रक्कम मला पूर्णपणे मान्य आहे व यापुढे माझे काही मागणे नाही, असे त्या ओळीत होते. दवाखान्याची शेवटच्या महिन्याची बिले तर अजून हिशेबात धरायची होती! गृहस्थांच्या मनात काही वाईट नव्हते. कोणत्या तरी जुन्या पत्रातली ओळ त्यांनी उतरवली होती. पण नाव माझे, सही माझी आणि बोलणे तिसऱ्याचेच, हे मनाला लागले. त्या वेळचे पत्र पुतणीने लिहिले. पुढचे मी लिहीन, असे त्याच दिवशी ठरवले.

आता खड्यांकडे वळू. पहिला खडा स्पेलिंगचा. आपली मराठी बहुतांशी बोलावी तशी लिहिता येते. इंग्रजीत अक्षरे २६ आणि उच्चार सुमारे ४४. तेव्हा एकेका अक्षराला दोनतीन ठिकाणी चाकरी करावी लागते. ‘नाइफ’ लिहिताना आधी ‘के’ कशासाठी, असे आम्ही बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, जुन्या काळी इंग्रज तो ‘के’ उच्चारीत असत. १४७६ साली कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला. पुढे छापील शब्दांची रूपे हळूहळू कायम होत गेली, पण जीभ काही थांबली नाही. उच्चार बदलला आणि ‘के’ मागे राहिला. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दात ‘बी’ आहे, तो तर कधी उच्चारलाच गेला नाही. मूळ लॅटिन शब्दात तो आहे म्हणून विद्वानांनी मागाहून घातला. तसाच ‘आयलंड’मधला ‘एस’. त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधही नव्हता, तो आहे अशा समजुतीने घातला गेला! यावर आमच्यातली एक भगिनी म्हणाली, “म्हणजे हौस त्यांच्या पंडितांची आणि घोकंपट्टी आमची!” आम्ही पुष्कळ हसलो, पण त्या दिवसापासून एक भीती गेली. स्पेलिंग चटकन येत नाही याचा अर्थ आपले डोके जड आहे असा नव्हे. जे सरळ नाही, ते सरळ रीतीने आठवणार कसे?

दुसरा खडा वाक्याच्या ठेवणीचा. ‘मी काल अर्ज पाठवला’ असे आपण म्हणतो. इंग्रजीत ‘मी पाठवला अर्ज काल’ अशी मांडणी करावी लागते. ‘उद्या येईन’ एवढ्यात कोण येणार ते मराठीत कळते. इंग्रजीला ‘मी’ स्पष्ट सांगावा लागतो, आणि तोही नेहमी मोठ्या लिपीत. मराठीत ताप आपण होऊन येतो. इंग्रजीत तो आपल्या मालकीचा होतो. आयुष्यभर ‘मी’ मागे ठेवून बोलायची सवय झालेल्या बायकांना तो प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी आणून बसवणे सोपे नाही. व्याकरणापेक्षा संकोचच अधिक आड येतो.

तिसरे खडे अगदी बारीक, डाळीतल्या खड्यांसारखे. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’. मराठीत यांना जोडीदार नाही. पत्राचा उल्लेख प्रथम आला तर ‘अ लेटर’. त्याच पत्राविषयी पुढे बोलायचे तर ‘द लेटर’. ‘अवर’च्या मागे ‘ॲन’ आणि ‘युनिव्हर्सिटी’च्या मागे ‘अ’, कारण इथे अक्षर पाहायचे नसते, उच्चार ऐकायचा असतो. आपण पाचला, सोमवारी, मे महिन्यात असे प्रत्यय लावून मोकळ्या होतो. इंग्रजीत पाचला ‘ॲट’, सोमवारला ‘ऑन’, मे महिन्याला ‘इन’. बाईंनी सांगितले, घड्याळ, वार, महिना असा लहानाकडून मोठ्याकडे क्रम लक्षात ठेवा. तो मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.

पत्रलेखन सुरू झाले तेव्हा ‘डियर सर’पाशी आमच्या एक वडीलधाऱ्या भगिनी अडल्या. “परक्या पुरुषाला ‘प्रिय’ म्हणून लिहू?” असे म्हणून त्यांनी पेन खाली ठेवले. बाई शांतपणे म्हणाल्या, “आपण ‘सा. न. वि. वि.’ लिहितो, तेव्हा कोणी जमिनीवर पडून साष्टांग नमस्कार घालते का?” पेन पुन्हा उचलले गेले.

परंतु भगिनींनो, सर्वांत मोठी अडचण या कशातही नाही. ती आहे उसन्या भारी भाषेच्या मोहात. नवशिकीला वाटते, सोपे लिहिले तर हसतील. मग ती कुठले तरी लांबलचक वाक्य उतरवून घेते. मोबाइललाही मी नावे ठेवीत नाही, शब्द शोधायला मीही तो वापरते. पण ‘मागच्या महिन्यात पैसे भरले’ असे त्याला सांगितले, तर पैसे कोणी भरले हे आपण सांगितलेलेच नसते; मग तो कर्ता आपल्या मनाने घालू शकतो. ‘मी’ भरलेले पैसे ‘त्यांनी’ भरले असे झाले तर? मोबाइलने दिलेले वाचून, हे माझे बोलणे आहे की नाही, हे ओळखण्यापुरते इंग्रजी तरी आपल्यापाशी हवे.

आपल्या आधीच्या बायकांनी हे किती कष्टाने मिळवले! रमाबाई रानडे यांना इंग्रजी शिकतात म्हणून घरातल्याच बायकांची बोलणी खावी लागली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी ते लिहून ठेवले आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतः इंग्रजीत पत्र लिहून प्रवेश मागितला आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक १८८२ सालचे, मराठी. आणि ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ सालचे. त्यांच्यापुढे आपण कोण? पण एक गोष्ट आपल्यालाही घेता येईल. त्या मिरवण्यासाठी इंग्रजी लिहीत नव्हत्या. त्यांना काही सांगायचे होते, काही मागायचे होते.

आमच्या वर्गाची रीतही तीच. मी कोण, काय घडले, केव्हा घडले, मला काय हवे, अशी चार वाक्ये रोज लिहायची. लहान लिहायची, वाचून पाहायची, मग दाखवायची. वर्गाला आठ महिने झाले असताना त्याच कंपनीने पुन्हा कागद मागवले. मी चार ओळी लिहिल्या. बाईंनी एका ठिकाणी ‘द’ घातला, बाकी हात लावला नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्यात मी विचारले होते त्याचेच उत्तर होते, आणि राहिलेली बिले विचारात घेतल्याचे लिहिले होते. त्या पत्रातला शब्दन् शब्द मी स्वतः लावला.

मराठी आपली आहे आणि मन मोकळे करायला तीच लागते. इंग्रजीत आपल्याला काव्य करायचे नाही. ज्या कागदावर आपली सही जाते, त्यावर आपलेच म्हणणे असावे, एवढ्यापुरती ती हवी. आणि एवढी ती कोणत्याही वयात येते.

वर्ग दर बुधवारी दुपारी तीन वाजता भरतो. वही आणि पेन्सिल घरून आणावी. खोडरबर मंडळाकडे आहे, आणि तो सर्वांना लागतो.