दाताचं माप आता फाईलमध्ये

आज कोडिंग बाजूला, आज दातांबद्दल बोलू.

रूट कॅनलनंतर कॅप बसवायची तर पूर्वी काय व्हायचं? डॉक्टर लगद्याने भरलेला ट्रे तोंडात दाबायचे आणि सांगायचे, "हलू नका, नाकाने श्वास घ्या." माझ्या आईला तर नुसता ट्रे बघूनच उमासा यायचा. मग त्या मापात प्लास्टर ओतून साचा आणि त्यावर कॅप.

आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रिक टूथब्रशसारखा दिसणारा स्कॅनर तोंडात फिरवतात. तो भराभर चित्रं घेतो, सॉफ्टवेअर ती जोडत जातं. फोनवर पॅनोरमा काढतो ना, तसंच, फक्त थ्रीडी. शेवटी बहुतेकदा एसटीएल फाईल मिळते. म्हणजे तुमची अख्खी बत्तिशी, हजारो छोट्या त्रिकोणांत!

आयडिया जुनी आहे बरं का. १९८५ मध्ये झुरिच विद्यापीठात दंतवैद्य व्हेर्नर मोरमान आणि इंजिनिअर मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या 'सेरेक' यंत्राने पेशंट खुर्चीत असतानाच दातात बसवायचा तुकडा कोरून दिला होता.

आता प्रिंटिंग. अनेकांना वाटतं, क्लिअर अलायनर थेट प्रिंट होतात. बहुतेक वेळा तसं नसतं. प्रत्येक टप्प्याचा दातांचा साचा प्रिंट करतात आणि त्यावर गरम प्लास्टिकची शीट दाबून बसवतात. झिर्कोनियाची कॅप तर सहसा कोरतात. भट्टीत ती साधारण २० टक्के आकसते, म्हणून सॉफ्टवेअर ती आधीच मोठी करून ठेवतं. मला हे जाम आवडलं.

पण एक गोष्ट नीट ऐका. या स्कॅनरला फक्त वरचा पृष्ठभाग दिसतो. मुळं, हाड, जुन्या फिलिंगखालची कीड त्याला दिसत नाही. त्यामुळे 'घरबसल्या दात सरळ' अशी जाहिरात दिसली तर थांबा. हिरड्या आणि हाड न तपासता दात हलवले, तर चांगला दातही सैल होऊ शकतो. आणि तो अन-डू होत नाही!

म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न विचाराच. "एक्स-रे पाहिलात का?" आणि "माझ्या स्कॅनची फाईल मला मिळेल का?" उद्या नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरूला गेलात, तर तिथल्या डॉक्टरांना ती दाखवता येईल. दात तुमचे आहेत, फाईलही मागून घ्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर रात्री ब्रश करूनच झोपा!