पहिले पंधरा दिवस
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, विवाहेच्छू मुलामुलींचा परिचय आणि शिष्यवृत्ती निधीचा हिशेब ही आपल्या वार्षिक संमेलनाची ठरलेली अंगे आहेत. त्यांच्या जोडीला यंदा कार्यकारी मंडळाने नैराश्याच्या औषधांवर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आम्ही वैद्य नव्हे. आमचे सारे आयुष्य शाळेत गणित शिकविण्यात गेले. तरीही ही आज्ञा आम्ही मान्य केली, कारण या बाबतीत आमच्या हातून एक मोठी चूक घडली आहे. ती आपल्यापैकी कोणाच्या घरी घडू नये, एवढाच आमच्या बोलण्याचा हेतू आहे.

आमचे थोरले बंधू आज हयात नाहीत. त्यामुळे त्यांच्या घरी शब्द चालतो तो आमचा. त्यांचा मुलगा पुण्यास एका कंपनीत नोकरीस असतो. त्याच्या संमतीनेच ही हकीकत सांगत आहोत. काही वर्षांपूर्वी त्याची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कशातच मन रमेना. कोणास न सांगता तो एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी पाच मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या. पुढे काय होईल याविषयी मात्र एक अक्षरही सांगितले नाही. चौथ्या दिवशी रात्री त्याचा आम्हांस दूरध्वनी आला. “काका, सारखी मळमळ होते आहे, हात थरथरतात, होती तेवढी झोपही गेली. काय करू?”

आम्ही काय सांगितले असेल? आम्ही म्हणालो, “बाबा रे, हे विष आजच्या आज बंद कर. सकाळी उठून फिरावयास जा, आणि घरात कोणाजवळ बोलू नकोस. तुझ्या बहिणीचे लग्न ठरावयाचे आहे.” मुलगा आज्ञाधारक. त्याने गोळ्या टाकून दिल्या. दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली आणि तो आमच्या वहिनींकडे येऊन खोलीत पडून राहू लागला. त्या खोलीचे दार बंद दिसले की आमचे काळीज हलत असे. त्या दारामागे आमचाच शब्द होता, हे आम्हांस फार उशिरा कळले.

पुढे वहिनींनी आम्हांस न विचारता त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. औषध तेच निघाले, एस्सिटॅलोप्राम. फरक इतकाच, की या डॉक्टरांनी अर्ध्या मात्रेपासून आरंभ केला आणि मायलेकरांना समोर बसवून सांगितले, “पहिले पंधरा दिवस त्रासाचे जातील. आधी त्रास येईल, गुण मागाहून येईल. आठव्या दिवशी मला कळवा.” या दोन वाक्यांनी जे साधले ते आमच्या वडीलकीने साधले नव्हते.

आता या औषधांत त्रास आधी आणि गुण नंतर असे का होते, ते पाहू. आज बहुधा प्रथम दिली जातात ती फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम या वर्गातील औषधे होत. शरीरातील सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर त्यांचा परिणाम होतो. हे द्रव्य मेंदूत असते हे खरे. परंतु शरीरातील त्याचा फार मोठा भाग, सुमारे ९० टक्के, आतड्यांत असतो. म्हणून औषध पोटात जाताच प्रथम तक्रार करते ते पोट. मेंदूची घडी बसण्यास मात्र वेळ लागतो. पहिला गुण दिसण्यास सामान्यतः दोन ते चार आठवडे आणि पुरा गुण येण्यास सहा ते आठ आठवडे जातात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हे त्रास बहुतेकांच्या बाबतीत आठ-पंधरा दिवसांत ओसरतात. अर्थात रोग्याच्या वाट्यास पहिले काही दिवस नुसता तोटाच येतो. ज्याचा उमेदीवरचा विश्वास आधीच उडालेला आहे, त्याने हा तोटा एकट्याने सोसावा असे म्हणणे अन्यायाचे आहे.

तेव्हा घरच्या मंडळींनी काय करावे? प्रथम मळमळीविषयी. गोळी रिकाम्या पोटी न देता जेवणानंतर द्यावी. एकदम भरपेट जेवण्यापेक्षा थोडे थोडे, चार वेळा खावे. मऊ भात, पेज, ताक, भाजलेला पापड असे साधे अन्न पुरते. तळलेले, मसालेदार पदार्थ काही दिवस बाजूस ठेवावेत. आल्याचा तुकडा चघळल्याने कित्येकांना बरे वाटते. आपल्या घरांत संकष्टी, एकादशी यांचे उपवास असतात. त्या दिवशी गोळी चुकवू नये आणि ती निरंकार पोटीही घेऊ नये. साबुदाण्याची खिचडी किंवा दूध-केळे खाऊन ती घेण्यास कोणताही देव हरकत घेणार नाही. वाटल्यास त्या महिन्यापुरता उपवासच सोडावा.

झोपेची गोष्ट दोन प्रकारची आहे. कोणाची झोप उडते, कोणाला गुंगी येते. झोप उडत असल्यास डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घ्यावी आणि दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. गुंगी येत असल्यास ती रात्री घ्यावी, आणि गुंगी जाईपर्यंत स्कूटर अथवा मोटार चालवू नये. मिर्टाझापिनसारख्या काही औषधांनी झोप व भूक दोन्ही वाढतात, म्हणून ती बहुधा रात्रीच देतात. तोंडास कोरड पडल्यास घोट घोट पाणी घ्यावे, बडीशेप चघळावी. बद्धकोष्ठ झाल्यास पालेभाजी, फळे, पाणी व थोडे चालणे हे उपाय आहेत. हातास कंप किंवा घाम असल्यास घाबरून न जाता वहीत टिपून ठेवावे. गोळी एखादे दिवशी विसरलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

आमच्या वहिनींनी शाळेची एक दुरेघी वही केली होती. तारीख, गोळीची वेळ, झोप किती, जेवण किती आणि त्रास कोणता, असे पाच रकाने. आठव्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना दूरध्वनीवर ती वही वाचून दाखविली. मळमळ पहिल्या दिवशी चार वेळा, आठव्या दिवशी एकदा. आम्ही जन्मभर मुलांना कोष्टके शिकविली, पण कोष्टकाचा असा उपयोग आम्हांस वहिनींनी शिकविला. रोग्यास वाटते, काहीच बदलत नाही. वही त्याला दाखविते, की बदलत आहे.

याहून नाजूक एक गोष्ट आहे. ती या व्यासपीठावरून सांगण्यास संकोच वाटतो, परंतु संकोचाने नुकसान होते. या औषधांनी काही स्त्रीपुरुषांच्या दांपत्यजीवनात अडचण येते. इच्छा मंदावते किंवा समाधान लाभत नाही. हा त्रास इतर त्रासांप्रमाणे आपोआप जाईलच असे नाही. पुष्कळ जण लाजेने तो डॉक्टरांना सांगत नाहीत आणि गुपचूप औषध सोडून देतात. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. मात्र सांगितले तरच.

जे सहन करावयाचे ते आम्ही सांगितले. आता जे क्षणभरही सहन करू नये, ते ऐकावे. पहिल्या आठवड्यांत, तसेच मात्रा बदलल्यावर, रोगी एका जागी बसू शकत नाही इतका अस्वस्थ झाला. जीव नकोसा झाल्याचे बोलू लागला किंवा तसे विचार वाढले. उलट दोन-दोन रात्री न झोपताही एकाएकी अति उत्साही, बडबड्या व उधळ्या झाला. ताप, जोराचा कंप, स्नायूंचा ताठरपणा व भ्रम एकत्र दिसले. अंगावर पुरळ अथवा चेहऱ्यास सूज आली, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तरुणांच्या बाबतीत विशेष जपावे. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००४ साली मुले व किशोर यांच्यासाठी असा ठळक इशारा या औषधांवर छापावयास लावला आणि २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ तरुणांनी औषध घेऊ नये असा नाही. पहिले काही आठवडे त्यांना एकटे सोडू नये आणि गोळ्यांची पाकिटे वडीलधाऱ्यांनी आपल्यापाशी ठेवावीत, असा त्याचा घरगुती अर्थ आहे.

वृद्धांच्या रक्तातील सोडियम या औषधांनी कधी कधी उतरते. आजोबा अचानक गोंधळल्यासारखे करू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर वयावर न ढकलता रक्त तपासून घ्यावे. दुसऱ्या दुखण्यासाठी औषध घेताना, मग ते ट्रॅमाडॉल असो, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी असो, रक्त पातळ करणारे औषध असो, की दुकानातून आणलेले खोकल्याचे औषध असो, आपण नैराश्याची गोळी घेत आहोत हे सांगावे. गर्भवती भगिनींनी तर हे आवर्जून सांगावे, पण भीतीने परस्पर औषध तोडू नये. मद्य वर्ज्य समजावे.

“या गोळ्यांची सवय लागते,” हे वाक्य आपल्यात फार ऐकू येते. व्यसनी मनुष्यास जशी दारूची ओढ लागते तशी ओढ या औषधांची लागत नाही. परंतु शरीर त्यांना सरावते हे खरे. एकदम बंद केल्यास चक्कर, मळमळ, चिडचीड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, असे त्रास होतात. म्हणून बरे वाटू लागल्यावरही सामान्यतः निदान सहा महिने औषध चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. आणखी एक प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहिलेच औषध प्रत्येकास लागू पडते असे नाही. सौम्य नैराश्यात कित्येकदा समुपदेशनही पुरते. निवड डॉक्टरांची व रोग्याची, काकांची नव्हे.

शेवटी गुप्ततेविषयी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी घरात क्षय झाला की तो लपवीत. स्थळे मोडतील ही भीती तेव्हाही होती. योगायोग असा, की नैराश्यावरील पहिल्या औषधांपैकी एक त्या क्षयाच्याच औषधांतून निघाले. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देत असता त्यांची मने उल्हसित झालेली डॉक्टरांना दिसली. १९५७ साली स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी इमिप्रामिन या दुसऱ्या औषधाचा नैराश्यावरील गुण प्रसिद्ध केला. इप्रोनियाझिड यकृतास अपाय करीत असल्याने पुढे मागे पडले, परंतु या रोगावर औषध असू शकते हे तेव्हा जगास कळले. क्षय झाल्याचे आज आपण निदान डॉक्टरांपासून तरी लपवीत नाही. मग मनाच्या आजारापुरते जुने कुलूप का ठेवावे? बहिणीच्या लग्नासाठी भावाचे औषध तोडणारा गृहस्थ आज आपणांसमोर उभा आहे. लग्न पुढे झाले. ज्या घरी मुलगी दिली त्या घरी वहिनींनी स्वतः जाऊन सर्व सांगितले होते, आणि तेथील सासूबाईंनी पहिला प्रश्न केला तो, “आता मुलगा जेवतो ना नीट?”

ज्यांच्या घरात बोलावयास कोणी नाही त्यांनी भारत सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून घ्यावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून ती अहोरात्र चालते. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

आमच्या पुतण्याच्या वहीतील पाचव्या आठवड्याच्या पानावर, जेवणाच्या रकान्यात, वहिनींनी लिहिले आहे, “आज आमटी दुसऱ्यांदा मागितली.” ती ओळ आम्ही वाचली तेव्हा आमच्याच्याने बराच वेळ बोलवले नाही. आज तो पुन्हा नोकरीस आहे आणि या सभागृहात मागील रांगेत बसला आहे.

ज्ञातिबंधूभगिनींनो, आपल्या घरी कोणी हे औषध सुरू केले आणि चौथ्या रात्री आपणांस दूरध्वनी आला, तर आमच्यासारखा सल्ला देऊ नका. “घाबरू नकोस, गोळी स्वतःहून बंद करू नकोस, मी येतो, सकाळी आपण डॉक्टरांना विचारू,” इतकेच म्हणा, आणि खरोखरच जा.