आधी वर्णन, मग नाव

(मराठी आणि विज्ञान शिक्षकांच्या शिबिरातील व्याख्यान)



माझा विषय दगड. भाषेच्या व्यासपीठावर दगडाचं काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यात गैर काही नाही. गोव्यात मी अठ्ठावीस वर्षं भूविज्ञान शिकवलं, तेही इंग्रजीतून. या काळात विद्यार्थी, शेजारी, नातेवाईक असे कितीतरी जण डोंगरावर, ओहोळात, कुळागरात सापडलेला दगड घेऊन आले. प्रश्न ठरलेला, "सर, हा कुठला?" हल्ली दगडाऐवजी मोबाइलवरचा फोटो येतो. माझं उत्तरही ठरलेलं : नाव नंतर, आधी त्याचं वर्णन करा. इथे बहुतेक जण अडतात. "काळा आहे, जड आहे, चमकतो" यापुढे वाक्य सरकत नाही. दगड हातात असतो, शब्द नसतात. म्हणून आज मी तुमच्यापुढे उभा आहे.

वर्णनाची सुरुवात दगड कुठे सापडला इथून करावी. आपल्या भाषेने हे काम बरंच सोपं करून ठेवलं आहे. कातळ म्हणजे जागचा न हललेला. धोंडा म्हणजे सुटून पडलेला. गोटा पाण्याने घासून गुळगुळीत झालेला. तो वाहत आला, तेव्हा त्याचं घर नदीच्या वरच्या अंगाला शोधायचं. चिरा माणसाने कापलेला. बेळगाव परिसरात लाव्ह्याचा काळा पाषाण आणि त्याच्या माथ्यावर जांभा दिसतो. गोकाकला जा, धबधबा ज्या कातळावरून कोसळतो तो वालुकामय, थराथरांचा आहे. गाव, जागा, कातळातून काढला की ओढ्यात मिळाला, एवढं चिठ्ठीवर लिहिलं नाही तर दगडाचा अर्धा पुरावा हरवला म्हणून समजा.

त्यानंतर रंग. रंग लिहावा, पण त्यावर विसंबू नये. गारगोटी पांढरी असते, तशी गुलाबी, धुरकट, जांभळीही असते. सोनार नुसत्या रंगाला भुलत नाही. तो सोनं कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो आणि उमटलेला कस पाहतो. खनिजालाही हीच परीक्षा लागू पडते. घरातल्या फरशीच्या तुकड्याची मागची, चकाकी नसलेली बाजू त्याला पुरते. गोव्याच्या खाणींतलं हेमटाइट दिसायला पुष्कळदा काळं-करडं, पण कस तांबडा उमटतो. मॅग्नेटाइटचा कस काळा आणि लोहचुंबक त्याला घट्ट चिकटतो. कस पिवळसर तपकिरी आला तर गोथाइटचा विचार करावा. सोन्यासारखं झळकणारं पायराइट हिरवट काळा कस देतं आणि तिथेच उघडं पडतं. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रं काढणाऱ्यांची काव तांबडी असते, तीही लोहाच्या ऑक्साइडमुळेच.

"कसोटीला उतरणे" हा वाक्प्रचार आपण समीक्षेत रोज वापरतो. मुलांनी एकदा तरी खरा कस डोळ्यांनी पाहावा, असं मला वाटतं.

पुढची परीक्षा कठीणपणाची. फ्रीडरिश मोस यांनी 1812 साली दहा खनिजांची उतरंड लावली. सर्वांत मऊ संगजिरे, सर्वांत कठीण हिरा आणि हिऱ्याच्या अलीकडे कोरंडम, म्हणजे आपलं कुरुंद. ते नाव भारतीय भाषांतूनच युरोपात गेलं. आपलं नख या मापावर साधारण अडीच, पोलादी चाकू साडेपाच, गारगोटी सात. समजा, पांढरा, काचेसारखा दगड मिळाला. चाकूने ओरखडा पडला तर ती गारगोटी नव्हे, बहुधा कॅल्साइट. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच कॅल्साइट फसफसतं. हे मात्र प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावं.

तो फुटतो कसा, हेही लिहावं. कॅल्साइट सपाट, तिरक्या पृष्ठांवर फुटतं. गारगोटीचा टवका शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा खोलगट निघतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. चकाकी काचेसारखी, मेणचट, मोत्यासारखी, धातूसारखी की मातकट? यातला एकही शब्द परका नाही.

दर पावसाळ्यानंतर कुणीतरी उल्का सापडल्याचं सांगतं. जांभ्याच्या माळावरचा काळा, जड गोळा असतो. लोहचुंबक चिकटला एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण मॅग्नेटाइटलाही तो चिकटतो. कस तांबडा आला तर तो बहुधा इथलाच लोहदगड. अंगावर बुडबुड्यांची भोकं असतील तर भट्टीतली मळी असण्याचा संभव मोठा.

जांभ्याचं शास्त्रीय नाव लॅटेराइट. फ्रान्सिस बुकानन यांनी ते 1807 साली छापून प्रसिद्ध केलं. मलबारात अंगडीपुरमजवळ त्यांनी पाहिलं, की हा दगड जमिनीत असताना मऊ असतो. लोक त्याचे चिरे कापतात आणि उघड्यावर ठेवल्यावर ते टणक होतात. तिथले लोक त्याला विटेचा दगड म्हणत. बुकानननी विटेचा लॅटिन शब्द घेतला. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत असलेलं हे नाव चिरे काढणाऱ्यांच्या बोलण्यातून आलं. आपल्याकडे यंत्रं आल्यापासून हाताने चिरे काढणारे कमी होत चालले आहेत आणि त्यांच्याबरोबर थरांची, भुसभुशीतपणाची, दगडाच्या आवाजाची त्यांची नावंही चालली आहेत. ती कुठल्याही कोशात सापडतील याची खात्री देता येत नाही.

म्हणून एक विनंती. मराठीच्या तासाला निबंध म्हणून मुलांना एक दगड द्या. जागा, आकार, रंग, कस, कठीणपणा, फूट, चकाकी या क्रमाने पानभर लिहायला सांगा. "सुंदर" आणि "विलक्षण" हे शब्द वर्ज्य. घरी आजीला, गवंडीकाम करणाऱ्या काकांना या दगडाला काय म्हणतात ते विचारून तो शब्द वहीत उतरवायला लावा. विज्ञानाच्या शिक्षकांनी तेच पान तपासावं. शेवटी नाव लिहिता आलं तर उत्तम. नाही आलं तरी ते पान वाचून दुसरा कुणी त्या दगडाला ओळखू शकेल. चांगल्या वर्णनाकडून याहून जास्त अपेक्षा मी करत नाही.