जाण्याचा वेळ आणि येण्याचा वेळ

(मंडळाच्या नेपियर टाउन येथील कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



संगणकांच्या जाळ्यावरून धाडलेला संदेश एका टोकाकडून दुसऱ्या टोकास पोहोचण्यास किती वेळ घेतो, हा आजचा विषय आहे. प्रश्न पोस्टाच्या खिडकीपाशी विचारावा इतका साधा दिसतो. उत्तर मात्र घड्याळांपाशी अडते. ज्या नगरीत १९४२ पासून रिज रोडवर दूरसंचाराचे शिक्षण दिले जात आहे, तेथे या विषयाची प्रस्तावना लांबविण्याचे कारण नाही.

मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ आपल्या जबलपुरात जुळले. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, तर कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. अशी कल्पना करा की, एखाद्या प्रवाशाने निघताना मुंबईचे आणि उतरताना कलकत्त्याचे घड्याळ पाहिले. त्याचा प्रवास खऱ्याहून ६२ मिनिटे लांबलेला दिसेल. परतताना तोच प्रवास ६२ मिनिटे आखूड! जाण्यायेण्याची बेरीज तेवढी बिनचूक. रेल्वेने पुढे मद्रासची वेळ प्रमाण मानली. आपल्या शहराची सूर्यघटिका त्या वेळेहून जेमतेम मिनिटभर वेगळी, हा एक मौजेचा योगायोग. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी कलकत्त्याने १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत आपापली वेळ सोडली नाही. घड्याळे जुळविणे माणसांना जड गेले, तेथे यंत्रांची काय कथा!

संगणकाच्या जाळ्यात नेमका हाच पेच आहे. संदेश पाठवून प्रत्युत्तर येईपर्यंतचा काळ मोजणे अगदी सोपे, कारण निघणे आणि परतणे एकाच घड्याळावर पाहता येते. एकेरी विलंबास मात्र दोन घड्याळे लागतात. संगणकातील सामान्य स्फटिकाचे घड्याळ दिवसाकाठी एखाद्या सेकंदाने सहज चुकते, म्हणजे तासाला सुमारे ४० सहस्रांश सेकंद. आणि जबलपूरच्या मे महिन्यात त्याची चाल जानेवारीतल्यासारखी राहत नाही. उलट काचतंतूतून प्रकाश एका सहस्रांश सेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबईपर्यंत हजार किलोमीटरचा मार्ग धरला, तर निव्वळ प्रवास पाच सहस्रांश सेकंदांचा. मोजायची वस्तू मापाच्या चुकीपुढे अगदीच क्षुल्लक ठरते.

यावर तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला एक तोडगा आहे. दोन्ही दिशांनी संकेत धाडावेत, दोन्ही नोंदींच्या बेरजेचे अर्धे तो विलंब आणि वजाबाकीचे अर्धे तो घड्याळांतील फरक. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये संगणकांची घड्याळे जुळविण्याची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी हेच गणित आहे.

पण या गणितात एक फट आहे. समजा, येथून मुंबईस गेलेल्या संदेशाला ७० सहस्रांश लागल्याचे दिसले, आणि परतीच्या संदेशाला उणे १०. निघण्यापूर्वीच पोहोचलेला संदेश! दोन्ही मार्ग सारखे मानले, तर विलंब ३० आणि मुंबईचे घड्याळ ४० ने पुढे. परंतु जाण्यास ५० लागले, येण्यास १०, आणि घड्याळ केवळ २० ने पुढे, असे म्हटले तरी नोंदी त्याच येतात. अज्ञात राशी तीन, समीकरणे दोन. कितीही संदेश धाडले तरी या दोन टोकांवरून निर्णय होत नाही. १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीतील आइन्स्टाइन यांनीही प्रकाशाचा जाण्याचा आणि येण्याचा वेळ समान असल्याचे व्याख्येनेच ठरविले होते. मात्र आपल्या जाळ्यात ते गृहीत धरवत नाही. जाण्याची वाट एका शहरावरून, परतीची दुसऱ्याच. शिवाय घरगुती जोडणीत बाहेर जाणारी वाट पुष्कळदा अधिक अरुंद असते.

म्हणून तिसरा साक्षीदार लागतो, आणि तो आकाशात आहे. उपग्रहांवरील आण्विक घड्याळांचे संकेत घेणारा ग्राहक दोन्ही टोकांच्या गच्चीवर बसविला की दोन्ही घड्याळे सेकंदाच्या दशलक्षांशाच्या आसपास जुळतात. त्यानंतरच जाण्याचा वेळ वेगळा आणि येण्याचा वेगळा सांगता येतो. या मोजणीची व्याख्या १९९९ मध्ये निश्चित झाली: संदेशाचा पहिला अंश तारेवर चढल्यापासून शेवटचा अंश पलीकडे उतरेपर्यंतचा काळ. चाचणीचे संदेश ठरावीक अंतराने न धाडता यदृच्छेने धाडावेत, अशीही शिफारस आहे. नाही तर जाळ्यातील एखाद्या नियतकालिक गर्दीशी गाठ पडते, किंवा ती कायमची चुकते.

हे सारे कशासाठी? आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार, एका दिशेचा विलंब १५० सहस्रांशांच्या आत असेल, तर संभाषण सहज चालते. तो फार वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात. घरातून कोणी त्याच वेळी मोठी चित्रे पाठवीत असेल, तर बाहेर जाणाऱ्या वाटेवर रांग लागते. आजीचे शब्द उशिरा पोहोचतात, नातवाचे मात्र वेळेवर येतात. केवळ जाण्यायेण्याची बेरीज पाहणाऱ्यास दोष कोणत्या बाजूचा हे कळणार नाही, आणि तो निर्दोष बाजू दुरुस्त करीत बसेल. दोन्ही दिशा वेगळ्या मोजणारा मात्र सरळ त्या रांगेपाशी पोहोचतो. मग पुष्कळदा चित्रे पाठविणे थोडा वेळ थांबविले की काम भागते.