तुपाची वाटी

काशीचा कोतवाल काळभैरव. त्याचे वाहन श्वान. त्याच काशीत जयावर इतर कुत्र्यांनी हल्ला केला, तेव्हा एका सुरक्षा रक्षकाने तिला सोडविले. नेदरलँड्सहून आलेल्या एका पर्यटक महिलेला तिचा लळा लागला. चिप, रेबीजची लस, रक्तचाचणी, पुढे तीन महिन्यांची सक्तीची प्रतीक्षा! त्या महिलेने मुक्काम वाढविला आणि २०२३ मध्ये जया तिच्या घरी गेली.

प्रत्येक जयेला असे कोणी भेटत नाही. उपचार, लसीकरण, नवे घर शोधणे, हा भार संस्था देणगीवर वाहतात. श्वान पाळावयाचा असल्यास विकत घेण्याआधी त्यांचे आश्रयस्थान पाहावे. पोळी पळविणाऱ्या श्वानामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. आज ती वाटी या संस्थांच्या हाती आहे. तूप समाजाने घालावयाचे आहे.