पूर्वपक्षाच्या गावात आपले स्वागत



मी हळदीचा व्यापारी. ‘कामात आणि रोजच्या जगण्यात चिकित्सक विचार’ या परिषदेचे स्वागताध्यक्षपद माझ्याकडे कसे आले, याची चिकित्सा कृपा करून कुणी करू नये. कार्यवाह घरी आले, चहा झाला, ते उठले तेव्हा मी स्वागताध्यक्ष झालेलो होतो. विषय काय, हे विचारायचे मला ते फाटकापाशी पोचल्यावर सुचले.

एक माफी आधीच मागून टाकतो. चौकातल्या कमानीवर ‘चिकित्सक’च्या जागी ‘चिकित्सा’ छापून आले. कालपासून अकरा माणसे साखर तपासायला येऊन गेली, दोघे एक्स-रे घेऊन आले. सगळ्यांना चहा पाजून परत पाठवले. एक आजोबा मात्र ‘आलोच आहे तर ऐकतो’ म्हणून मागच्या रांगेत बसलेत. त्यांचेही स्वागत.

भाषणाच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते, की वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी. लहानपणापासून हेच ऐकले, आणि पाहुण्यांना घाटावर उभे करून पांडवांचा अज्ञातवास मी आजवर किती वेळा सांगितला असेल, त्याला गणती नाही. आमच्या समितीतल्या एका निवृत्त शिक्षिकांनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. ‘पुरावा? राजस्थानातले बैराटही हाच मान सांगते.’ मी म्हटले, बाई, स्वागताच्या भाषणाला कुठे पुरावा लागतो? त्या म्हणाल्या, या परिषदेत लागतो. तेव्हा विराटनगरी मागे घेतो. ढोल्या गणपती मात्र मागे घेणार नाही.

गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले हे देऊळ आपण पाहालच. दर्शन झाले की लगेच चपला शोधू नका, मागच्या बाजूला जा. तिथली भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. बांधणाऱ्याने आधी नदीचा स्वभाव ओळखला, मग भिंत उचलली. एवढा मोठा देव आत बसणार म्हणून पाठीमागची भिंत कशीही बांधली नाही. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. तिथे सिनेमांच्या चित्रीकरणाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतील, त्याही ऐका, पण घाटावरच्या घंटेवरचा १७०७ हा आकडा बघितल्याशिवाय परतू नका. पेशवाईतल्या देवळाच्या घंटेवर इसवी सन कसा, असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर थेट वसईच्या चर्चपर्यंत जाते.

आता ज्यांच्यासाठी मी हे पद खरोखर स्वीकारले, त्यांच्याविषयी. वाई म्हटले की लोक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणतात, विश्वकोश म्हणतात, आणि ते योग्यच आहे. १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड आला, तो तर्कतीर्थांच्याच संपादनाखाली. पण धुळ्याकडच्या पिंपळनेरहून हा मुलगा वाईला आला तो कुणापाशी शिकायला? नारायणशास्त्री मराठ्यांपाशी. पुढे संन्यास घेऊन ते केवलानंद सरस्वती झाले. १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा आले, तेही त्यांच्यापाशीच. प्राज्ञपाठशाळा त्यांची. मीमांसाकोशाचे सात खंड त्यांचे. पहिला १९५२ साली छापून झाला, शास्त्रीबुवा १९५५ साली गेले आणि शेवटचा खंड यायला १९६६ उजाडले. आज गावातल्या दहा पोरांना नारायणशास्त्री कोण म्हणून विचारा. मी विचारून पाहिले आहे, म्हणून आकडा सांगत नाही.

माझे आजोबा पाठशाळेत वाणसामान पोचवायचे. पोते टेकवून घटकाभर ओसरीवर बसायचे. संस्कृत त्यांना ओ की ठो कळत नव्हते, पण एक शब्द ते तिथून घरी घेऊन आले: पूर्वपक्ष. मीमांसेत आधी विषय मांडायचा, मग संशय, मग पूर्वपक्ष, म्हणजे जे मत आपल्याला खोडायचे आहे ते. आणि ते लंगडे करून मांडायचे नाही. समोरच्याने मांडले असते त्याहून भक्कम मांडायचे, उत्तराची पाळी त्यानंतर. दुकानात शेतकऱ्याशी भावावरून वाजले, की आजोबा आम्हाला आत बोलवायचे आणि म्हणायचे, ‘आधी त्याचा पूर्वपक्ष सांग.’ तो सांगता सांगता आमचा आवाज खाली यायचा, कधीकधी भाव वर जायचा. धंद्याला हे फार परवडणारे नव्हते, हेही कबूल करतो.

त्यांचा नातू म्हणवतो, पण एका पावसाळ्यात रात्री मोबाइलवर निरोप आला की धरणाचे सगळे दरवाजे उघडले, सोबत फेसाळत्या पाण्याचा फोटो. मी चार हमालांना झोपेतून उठवून हळदीची पोती माडीवर चढवली. साठावे पोते पाठीवर असताना त्यांच्यातला एक थांबून म्हणाला, ‘शेठ, तीन दिस पाऊस कुठंय?’ फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी राज्यातला निघाला. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय मी पोत्याला हात लावत नाही, आणि त्या रात्री हळदीचा व्यापारीच अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. तो हमाल आज वाढप्यांत आहे. परिसंवादात त्यालाही बोलवा असे मी सुचवले होते, पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

व्यवस्थेत उणिवा आहेत. धर्मशाळेत गरम पाणी सहा ते साडेसातच. दोन खोल्यांच्या कड्या आतून लागत नाहीत, तिथे खुर्ची लावावी. डास आहेत, उदबत्त्या ठेवल्या आहेत, त्या डासांना मानवल्या आहेत असे दिसते. माकडांपासून चष्मे जपा. बिल्ल्यांवर ज्यांची नावे चुकली त्यांनी खिन्न होऊ नये, माझेही चुकले आहे.

देणगीदारांचे आभार मानताना कुणी राहून गेले तर पुढची दहा वर्षे मला बाजारात तोंड दाखवता येणार नाही, म्हणून सगळी नावे दाराशी फलकावर लावली आहेत. मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही, वाहतूक तेवढी घेतली. तांदूळ, गूळ आणि तेल अडत्यांनी दिले. बचत गटाच्या भगिनी पहाटे चारपासून चुलीपाशी आहेत. एका गृहस्थांनी मोठी रक्कम दिली आणि नाव नको म्हणाले. नंतर फलकावर आपले नाव नाही ना, हे बघायला ते दोनदा येऊन गेले. विद्यार्थी स्वयंसेवकांना सतरंज्या उचलण्याबद्दल प्रमाणपत्र मिळेल.

जेवण साडेबाराला, पंगत पाटावर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबल उजव्या हाताला आहे. आणि ती पांढरी गाडी ज्यांची असेल त्यांनी ती रसवंतीच्या दारातून काढावी. रसवंतीवाले आपले देणगीदार आहेत.